पानगळ झालेलं झाड की मेलेलं?

एप्रिल लागला की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. गेटजवळचा बहावा, अंगावर पान नाही, आणि खाली प्रश्न: "मेलंय वाटतं, काढून टाकायचं का?" बहुतेक वेळा तो महिनाभरात पिवळाधमक होणार असतो.

पानगळ हे झाडाचं स्वतःचं काम. पाणी तुटू लागलं की देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर तयार होतो, पान तिथून सुटतं आणि फांदीवर स्वच्छ व्रण उरतो. येऊरच्या जंगलात पांगारा, काटेसावर हेच करतात आणि निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात. पण एवढं करायला फांदी जिवंत लागते. फांदी अचानक मेली तर पानं गळत नाहीत, तपकिरी होऊन तिथेच लोंबत राहतात. म्हणून उघड्या बहाव्यापेक्षा मला वाळकी पानं धरून बसलेल्या आंब्याची जास्त धास्ती वाटते. तिथे खोडकिडा, मुळांची कुज किंवा बुंध्याला भिडलेलं काँक्रीट तपासावं.

शंका असेल तर पेन्सिलीएवढी फांदी धरून नखानं साल खरवडा. आत हिरवट, ओलसर दिसलं की जीव आहे. कोरडं निघालं तर खाली सरकत जा. नुसते शेंडे वाळलेत आणि खाली सगळं हिरवं, असं पुष्कळदा निघतं. जास्वंदीचंही तसंच. फक्त जोराची छाटणी पावसावर टाका, कोवळी फूट मेच्या उन्हात करपते.

लॉनमधली हरळी पिवळी पडली तर मूठभर धरून ओढा. घट्ट राहिली, बुडाशी पांढरट दिसली तर ती नुसती थांबलीय. अलगद हातात आली तर गेली.

पाण्यात मात्र मोठा फरक. पानं गाळलेल्या जुन्या देशी झाडाला रोज पाइप लावायची गरज नसते. चाफ्याला तर तशानं कुज लागते. सदाहरित झाड तहानलं असेल तर पाणी खोडावर नको, फांद्यांच्या घेराखाली, सावकाश मुरेल असं द्या, तेही सकाळी. माळीबुवांचा संध्याकाळचा शिडकावा वरची माती ओली करतो, बस्स.

आणि झाड खरंच मेलं असलं तरी परस्पर तोडता येत नाही. १९७५च्या वृक्ष जतन कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा पावसाआधी काढायचं असेल तर अर्ज आत्ताच द्या.