धातुशोध : आवाजावरून आणि पडद्यावरून

जमिनीत, भिंतीत किंवा माणसाच्या अंगावर दडलेला धातू मेटल डिटेक्टरने हुडकताना यंत्राचा संकेत वाचण्याच्या दोन रीती. एकीत चालक यंत्राचा स्वर ऐकतो. दुसरीत तो पडद्यावरचा आकडा, पट्ट्या किंवा दिवे पाहतो. आजच्या बहुतेक यंत्रांत दोन्ही सोयी असतात, त्यामुळे वाद असतो तो दोहोंचे म्हणणे जुळेनासे झाले की कोणावर भरवसा ठेवायचा याचा. नागपूर परिसरात या वादाला जमिनीचीच फोडणी आहे. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्टवर आणि पूर्व भाग त्याहून कितीतरी जुन्या नीससारख्या खडकांवर वसला आहे, आणि पडद्यावरचा आकडा सर्वांत जास्त फसतो तो जमीन बदलते तिथे.

धातू आवाजावरून पारखणे आपल्याकडे यंत्राच्या आधीपासून आहे. चांदीचा रुपया दगडी फरशीवर टाकून वाजवून घ्यायचा ही सराफाची जुनी रीत. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच भाषेत आला. रेल्वे यार्डात गाडीच्या चाकावर हातोडी मारून तडा ओळखणे हाही त्याच कुळातला प्रकार. विशेष म्हणजे विद्युत् धातुशोधकाचे एक पूर्वरूप नाण्यांच्याच पारखीला लागले. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या ‘प्रवर्तन तुले’त (इंडक्शन बॅलन्स) तारेच्या वेटोळ्यांच्या दोन जोड्या असत. दोहोंत सारखी नाणी ठेवली की टेलिफोनच्या श्रवणीत शांतता, एक नाणे खोटे निघाले की आवाज. इतवारीतल्या सराफ्यात हे यंत्र कुणी आणले असते, तर ते समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

ही युक्ती पुढच्याच टप्प्यावर गाजली आणि फसलीही. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ती गोळी हुडकायला ह्यूज यांच्या धर्तीचे यंत्र बनवले आणि स्वतः श्रवणी कानाला लावली. आवाज येत होता, पण जिथे-तिथे येत होता, कारण बिछान्याखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. गोळी डावीकडे होती. गारफील्ड १९ सप्टेंबरला वारले. यंत्राने धातू दाखवण्यात चूक केलेली नव्हती. कुठला धातू कुठून बोलतो आहे, हे कानाला कळायला भोवतालची माहिती लागते, ती बेल यांच्यापाशी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी घडवलेला भूसुरुंग-शोधकही कानावरच चालणारा होता. १९४२ च्या एल अलामेनच्या लढाईत असे सुमारे ५०० संच वापरात होते. हेडफोनमुळे सैनिकाचे डोळे जमिनीवर राहत, ही त्याची मोठी सोय.

आजच्या नेहमीच्या यंत्राच्या, जमिनीवरून फिरवायच्या तबकडीत एक वेटोळे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र सोडते, बहुधा ३ ते ३० किलोहर्ट्झच्या दरम्यान. त्याने धातूत भोवरी, म्हणजे गोल गोल फिरणारे विद्युत् प्रवाह उठतात आणि त्यांचे उलट क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद किती जोराचा आहे आणि किती उशिराने येतो, या दोन गोष्टी मोजल्या जातात. चांदी-तांब्याचा उशीर जास्त, पातळ वर्खाचा कमी, लोखंडाची तऱ्हा निराळी. पडद्यावरचा आकडा मुख्यतः या उशिरावरून काढलेला असतो. म्हणजे तो धातूचे नाव सांगत नाही. आकार, जाडी, खोली, आडवे-उभे पडणे आणि शेजारचा खिळा हे सगळे एकत्र कुटून यंत्राने लावलेला तो अंदाज असतो. सोन्याची बारीक अंगठी आणि डब्याची ॲल्युमिनियमची कडी एकाच आकड्यावर येऊ शकतात.

खोली वाढली की हा अंदाज झपाट्याने ढासळतो. लहान वस्तूपर्यंत क्षेत्र पोचताना अंतराच्या तिसऱ्या घाताने विरते आणि परतताना पुन्हा तितकेच. त्यामुळे वस्तू तबकडीच्या मानाने दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर संकेत साधारण चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. अशा वेळी आकडा थरथरतो, लोखंडाकडे घसरतो किंवा उमटतच नाही. कानाला मात्र एक पुसट हुंकार ऐकू येतो. स्पंद-प्रवर्तन पद्धतीच्या, म्हणजे क्षेत्र सतत न सोडता ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या यंत्रांत तर धातूचा प्रकार ओळखणारा भरवशाचा आकडा मुळात मिळतच नाही, तिथे कानच लागतो.

आवाजात माहितीचे थर जास्त असतात आणि मुरलेला चालक ते एकदमच ऐकतो. स्वराची पट्टी, जोर, लांबी, कडा धारदार की पिंजारलेल्या, तबकडी परत फिरवल्यावर तोच सूर येतो का, काटकोनात वळून गेल्यावरही येतो का. नाण्याचा सूर गोल आणि दोन्ही बाजूंनी सारखा, गंजक्या खिळ्याचा तुटक. लोखंडाचा मोठा चपटा तुकडा मध्येच चांदीसारखा उंच सूर काढून पडद्यालाही फसवतो, पण तबकडी थोडी सरकवली की सुराच्या शेवटी खरखर येते. काही यंत्रांत सतत बारीक गुणगुण चालू ठेवतात, आणि ती क्षणभर थांबली तर यंत्राला न बोलता वगळायला सांगितलेला एखादा धातू खाली आहे असे समजायचे. शांतताही इथे वाचायची असते. हे शिकायला महिने लागतात, ही या रीतीची खरी किंमत.

नागपूर जिल्ह्यातला शेतकरी जमिनीला काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी नावे देतो. धातुशोधकाच्या दृष्टीनेही ही प्रतवारी निरर्थक नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या मातीत मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात आणि ती स्वतःच यंत्राला उत्तर देतात. म्हणून काम सुरू करण्याआधी तबकडी वर-खाली करून ‘जमीन जुळवून’ घ्यावी लागते. एका शेतात जुळवलेले यंत्र पलीकडच्या बरडीवर बडबडू लागते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की खनिजभरल्या मातीत मध्येच पोकळी येते आणि तबकडी तिच्यावरून गेली की खोटी टिचकी ऐकू येते. पडदा तिलाही आकडा देऊन मोकळा होतो! काळी माती फुगते, आटते आणि भेगांतून वस्तू खाली ओढते, त्यामुळे वस्तू किती खोल आहे यावरून ती किती जुनी हे इथे ठरवता येत नाही. मे महिन्याच्या ४५ अंशांत पडद्याची वेगळीच अडचण. रंगीत पडदा उन्हात फिका पडतो, साधा करडा एलसीडी उन्हात चांगला दिसतो पण फार तापला की काळवंडतो.

भारतीय नाण्यांवर आकड्यांचे कोष्टक बसवायला जावे तर आणखी गंमत. ब्रिटिश अमदानीतला, १९४० पूर्वीचा ११.६६ ग्रॅमचा रुपया बारा भागांत अकरा भाग चांदीचा, तो उंच वाजतो. १९९२ पासूनचा एक रुपया लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचा, त्यामुळे यंत्र त्याला लोखंडाच्या पंगतीत बसवते. ॲल्युमिनियमचे पाच पैसे तिसरीकडेच. परदेशी नाण्यांसाठी आखलेला पडदा इथे वाट दाखवत नाही.

‘लोखंड वगळा’ हे बटण तर या जिल्ह्यात सर्वांत दिशाभूल करणारे. छंदाच्या यंत्रांत लोखंड म्हणजे कचरा असे गृहीत असते. नागपूरभोवतीच्या जमिनीत मात्र इतिहास लोखंडाचाच आहे. जुनापाणी, टाकळघाट, माहुरझरी येथील महापाषाणकालीन शिळावर्तुळांत, म्हणजे मोठे दगड गोलाकार मांडलेल्या प्राचीन दफनांत, कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांच्या लगामाच्या कड्या अशा लोखंडी वस्तू सापडल्या आहेत. नायकुंड येथे लोह गाळण्याची भट्टीच मिळाली. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावरची तांब्याच्या पत्र्याची भूषणे मिळाली, आणि त्यांना लोखंडी गुंड्या आहेत. असा जोड धातू पडद्यावर एका आकड्यात मावत नाही, कानाला मात्र उंच सूर आणि खरखर दोन्ही ऐकू येतात. या वर्तुळांचा शोध घेणारे नागपूरचे मिशनरी-भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले.

अर्थात ही ठिकाणे हौशी शोधकासाठी नाहीत. जिल्ह्यातील अनेक शिळावर्तुळे संरक्षित आहेत आणि १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यानुसार तिथे परवान्याविना उत्खनन करता येत नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली येतात. गुप्तधनवाल्यांच्या हाती हल्ली मांत्रिकाच्या जोडीला मेटल डिटेक्टरही दिसतो, आणि पडद्यावर झळकलेला ‘सोने’ हा शब्द अंगाऱ्याइतकाच खात्रीचा मानला जातो. तो शब्द म्हणजे उशिराच्या एका पट्ट्याला कंपनीने दिलेले नाव, एवढेच.

गर्दीत मात्र पारडे उलटे फिरते. हिवाळी अधिवेशनात विधान भवनाच्या दारांशी किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनासारख्या मोठ्या जमावात डीएफएमडीच्या, म्हणजे दारचौकटीसारख्या कमानी लावल्या, तर शेजारशेजारच्या कमानी एकाच वेळी वाजतात. मोबाइल, किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल, सगळ्यांचाच गजर सारखा. इथे खांबावरच्या दिव्यांचा आधार घ्यावा लागतो, कारण धातू घोट्याशी आहे, कमरेशी की खांद्याशी हे दिवा दाखवतो आणि शिपायाला हातातला डिटेक्टर नेमका कुठे फिरवायचा ते कळते. हातयंत्रात आवाजाबरोबर थरथरही असते. ती गोंगाटात उपयोगी पडतेच, शिवाय कमी ऐकू येणाऱ्या चालकालाही काम करू देते. वयाबरोबर उंच सूर आधी हरवतात, म्हणून स्वरांची पट्टी खाली उतरवता येणारी यंत्रे अनुभवी चालकांना बरी वाटतात.

कोळसा वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांवर (कन्व्हेयर) कान आणि डोळा दोघांनाही फारसे काम नसते. खाणीतून खोदयंत्राच्या फावड्याचा तुटका दात कोळशाबरोबर आला, तर तो क्रशरपर्यंत, म्हणजे कोळसा फोडणाऱ्या यंत्रापर्यंत जाण्याआधी पट्ट्यावरचा शोधक संकेत देतो आणि पट्टा थांबतो. वर खुणेची वाळूची पिशवी पडते. मग तिच्या आसपासचा कोळसा हाताने उकरावा लागतो.