दूर पल्ल्याचे सायकल पर्यटन (नागपूर परिसर)

सामानसुमान सायकलवरच बांधून, वाटेत मुक्काम करीत, सलग काही दिवस केलेला प्रवास. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची सायकलफेरी, हा प्रकार याहून वेगळा : तिथे २०० किमी साडेतेरा तासांत, ६०० किमी ४० तासांत, असे अंतर घड्याळाला बांधलेले असते. शर्यतीची वाट तर आणखीच निराळी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि शहरातल्या अनेकांना लांबच्या सायकलिंगची गोडी लागली. पर्यटनाला मात्र तेवढ्या ताकदीची गरज नाही. विदर्भात त्याचे यश बहुतांशी वेळ साधण्यावर अवलंबून असते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. मार्चपासून दुपार अंगावर येऊ लागते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आसपास लांबचा पल्ला ठरवणे हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. हिवाळ्यातही झुंजूमुंजू होताच निघावे, निम्म्याहून अधिक अंतर अकराच्या आत कापावे, भर दुपारी सावली धरावी आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठावा. अंधारात सायकल चालवणे टाळायचे मोठे कारण म्हणजे कापसाने, तुऱ्हाट्यांनी भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या.

श्रीनगर–कन्याकुमारी (क्र. ४४) आणि सुरतेकडून रायपूरकडे जाणारा (क्र. ५३) हे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात भेटतात. समृद्धी महामार्गावर सायकलला प्रवेश नाही. पहिल्या मुक्कामी फेरीसाठी सुमारे ५० किमीवरचे रामटेक बरे. पुढची पायरी सेवाग्राम, सुमारे ७५ किमी. वाटेत धाम नदीकाठी पवनारला विनोबांचा आश्रम लागतो, दुपारच्या विसाव्याला तो योग्य ठिकाणी येतो. चिखलदरा आणि पचमढी ही सातपुड्याची चढण आहे, तिथे सपाटीवरचा हिशेब चालत नाही : सपाटीवर दिवसाला ८०–९० किमी जाणाऱ्याने घाटात निम्मेच धरावे. मनसरच्या पुढे देवलापार–खवासा हा पट्टा पेंच व्याघ्र प्रकल्पाला लागून जातो. तिथे रस्त्याखालून वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा काढल्या आहेत, तरी सायंकाळी त्या पट्ट्यात रेंगाळू नये. मोठ्या महामार्गापेक्षा काटोल–नरखेडकडचे संत्र्याच्या बागांमधून जाणारे रस्ते कधीही सरस. वाहने कमी, आणि पाणी मागितले तर कुणी नाही म्हणत नाही.

या भागात टायरचे दोन शत्रू आहेत. पहिला काटा. बाभळीचा काटा लांब असल्याने दिसतो, सराट्याचा दिसत नाही. रस्त्याच्या कडेला सायकल उतरवली की सराटे टायरमध्ये रुततात आणि त्यांचे टोक आतल्या बाजूला मोडून राहते. ट्यूबला ठिगळ लावून लगेच चढवली तर पाच किमीवर पुन्हा तीच जागा फुटते. म्हणून टायर पूर्ण उतरवून आतून सुती फडके फिरवावे. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे, ते चिमट्याने बाहेरून ओढावे. दुसरा शत्रू काळी माती. पावसानंतर शेतरस्त्यावर ती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी ठासते की चाक फिरायचेच थांबते. तेव्हा रेटून पायडल मारल्यास डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) वाकतो. काडीने माती काढावी आणि डांबरापर्यंत सायकल उचलून न्यावी, दुसरा उपाय नाही.

सुट्या भागांबाबत एक खबरदारी फार महत्त्वाची. गावातल्या दुकानात ‘अठ्ठावीस’चा टायर मिळतो, पण तो साध्या काळ्या सायकलचा, त्याची रिम ६३५ मिमीची, तर ७००सी मापाच्या (आजच्या बहुतेक गिअरच्या रोड व टूरिंग) सायकलची ६२२ मिमीची, त्यामुळे तो बसत नाही. एक घडीचा टायर, दोन ट्यूब आणि मागच्या चाकाच्या मापाचे दोन-तीन आरे घरूनच न्यावेत. ओझ्याखाली मोडतात ते बहुधा मागच्या चाकाचेच. ट्यूबला प्रेस्टा (बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला) व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॉप्टर जवळ हवा, नाहीतर पंक्चरवाल्याचा पंप निरुपयोगी. टायर ३५ मिमी किंवा त्याहून रुंद बरे. वजन पाठीवर घेऊ नये, कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या थैल्यांत घ्यावे.

घामाबरोबर मीठ जाते, म्हणून नुसते पाणी ढोसून भागत नाही. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, किंवा लिंबू-मीठ-साखर. सकाळी तर्री पोहे जरूर खावेत, तर्री बेताची घ्यावी. झणझणीत सावजी जेवण मात्र परतीनंतरसाठी राखून ठेवावे. रात्री पोट बिघडले की दुसऱ्या दिवसाचा सगळा बेत कोलमडतो.

परतताना सायकल रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून पाठवता येते. शक्यतो जिथे गाडी सुटते त्या स्थानकावरून चढवावी, दोन मिनिटांच्या थांब्यावर ती फलाटावरच राहण्याची भीती असते. थैल्या, दिवे, पंप काढून घ्यावेत, फ्रेमला पुठ्ठा गुंडाळावा. पायडल सोडवताना डावीकडचा आटा उलटा असतो हे ध्यानात ठेवावे. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो.