अमेरिकेतील व्होकेशनल रिहॅबिलिटेशनचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि फॉर्ममधल्या लांबलचक प्रश्नांचा अर्थ

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात ऐकू कमी येणारा मुलगा हायस्कूल संपवत आला, किंवा चाळिशीतल्या माणसाची नजर अधू होऊन नोकरी डळमळू लागली, की धावपळ सुरू होते ती डॉक्टर, विमा आणि एचआर यांच्याकडे. राज्य सरकारच्या व्होकेशनल रिहॅबिलिटेशन खात्याचं, म्हणजे ज्याला सगळे ‘व्हीआर’ म्हणतात त्याचं नाव फार उशिरा कानावर येतं. अपंगत्व असलेल्या माणसाला नोकरीसाठी तयार करणं, नोकरी मिळवून देणं, आहे ती टिकवायला मदत करणं हे या खात्याचं काम. त्यात प्रशिक्षण, कॉलेजच्या फीला हातभार, श्रवणयंत्र किंवा स्क्रीन रीडरसारखी साधनं, नोकरी शोधताना सोबत, असं बरंच काही येऊ शकतं.

मग फॉर्म हातात येतो आणि माणूस बिचकतो. आठवड्याला किती कमावता? सरकारी मदत घेता का? कधी बेघर होता का? तुरुंगात होता का? इंग्रजीची अडचण आहे का? हे सगळं सांगितलं तर अर्ज फेटाळतील, उद्या ग्रीन कार्डात खोडा घालतील, या धास्तीने काही जण फॉर्म तिथेच सोडतात. म्हणून आधी हे सांगतो, कारण ते कुणी समजावून सांगत नाही: या फॉर्ममध्ये दोन जातींचे प्रश्न असतात. मोजके प्रश्न तुमची पात्रता ठरवतात. बाकीचे, आणि तेच संख्येने जास्त, राज्याला वॉशिंग्टनला अहवाल पाठवायचा असतो म्हणून विचारले जातात. हा फरक ध्यानात आला की अर्ज भरणं सोपं होतं.

पैसा कुणाचा, खातं कुणाचं

ही योजना १९७३ च्या रिहॅबिलिटेशन कायद्याखाली चालते. तिची मुळं १९२० च्या कायद्यापर्यंत जातात. खर्चाचा ७८.७ टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं, उरलेला २१.३ टक्के राज्य. केंद्राच्या बाजूने देखरेख करते ती शिक्षण खात्यातली रिहॅबिलिटेशन सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे ‘आरएसए’. प्रत्यक्ष सेवा मात्र राज्यांची खाती देतात आणि अशी खाती एकूण ७८ आहेत, कारण २२ ठिकाणी दृष्टिहीनांसाठी वेगळं खातं आहे. न्यू जर्सीत बाकी सर्व अपंगत्वांसाठी एक विभाग आणि अंधत्व किंवा दृष्टिदोषासाठी वेगळं कमिशन आहे. न्यू यॉर्कमध्येही तसंच. कॅलिफोर्नियात एकच डिपार्टमेंट ऑफ रिहॅबिलिटेशन आहे, टेक्ससमध्ये हे काम वर्कफोर्स कमिशनकडे आहे. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वसाधारण खात्याचं नाव २०२४ मध्ये ‘मासअ‍ॅबिलिटी’ झालं, त्यामुळे जुन्या नावाने शोधणाऱ्यांचा गोंधळ उडतो. दृष्टीचा प्रश्न असेल तर आपल्या राज्यात वेगळं खातं आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

पात्र कोण

आपल्याकडे अपंगत्व म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ भारतातल्या २०१६ च्या कायद्यात बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे, त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला आणि त्यावरचा आकडा यातच आपलं सगळं लक्ष अडकलेलं असतं. व्हीआरमध्ये टक्क्यांची अशी अट नाही. तिथे तीन गोष्टी बघतात. तुम्हाला शारीरिक किंवा मानसिक व्याधी आहे का. त्यामुळे नोकरीत मोठा अडथळा येतो का. आणि नोकरीसाठी तयार होण्यासाठी, ती मिळवण्यासाठी, टिकवण्यासाठी किंवा त्यात पुढे जाण्यासाठी व्हीआरच्या सेवेची गरज आहे का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तुम्हाला सेवेचा फायदा होईल, असं गृहीतच धरलं जातं. ‘यांचं अपंगत्व इतकं तीव्र आहे की उपयोग होणार नाही’ असं खात्याला म्हणायचं असेल, तर आधी त्या माणसाला प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी अजमावून बघावं लागतं आणि भक्कम पुरावा द्यावा लागतो.

म्हणून कागदपत्रांत आजाराच्या नावापेक्षा कामावर होणारा परिणाम दिसला पाहिजे. ‘दोन्ही कानांना श्रवणदोष’ एवढं लिहिलेलं पत्र अपुरं पडतं. ‘मीटिंगमध्ये चारपाच जण एकदम बोलू लागले की शब्द कळत नाहीत, फोनवरचं काम जमत नाही, कॅप्शन असतील तर जमतं’ असं लिहिलेलं पत्र काउन्सेलरच्या, म्हणजे खात्यातल्या तुमची केस सांभाळणाऱ्या सल्लागाराच्या, खऱ्या उपयोगाचं. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून पत्र मागा, संकोच करू नका.

एसएसआय किंवा एसएसडीआय, म्हणजे अपंगत्वामुळे सोशल सिक्युरिटीकडून दरमहा मिळणारे पैसे, मिळत असतील आणि नोकरी करायची इच्छा असेल, तर पात्रता गृहीत धरतात. लाभाचं पत्र हाताशी नसलं तरी ती खातरजमा सोशल सिक्युरिटीकडून करून घेणं ही खात्याची जबाबदारी आहे. पत्र नाही म्हणून परत पाठवणं नियमाला धरून नाही.

वय, लिंग, वंश, अपंगत्वाचा प्रकार किंवा घरचं उत्पन्न यावरून पात्रता नाकारता येत नाही. राज्यात अमुक काळ राहिल्याची अटही घालता येत नाही. महागड्या सेवांसाठी काही राज्यं उत्पन्न बघून तुमचा वाटा ठरवतात. पण पात्रतेची तपासणी, समुपदेशन, नोकरी शोधून देण्याची मदत, सांकेतिक भाषेचा दुभाषी यांसाठी तसं करता येत नाही. एसएसआय-एसएसडीआय घेणाऱ्यांना उत्पन्नाची चाळणी लागतच नाही.

व्हिसाचं काय, हा आपल्या लोकांचा हमखास प्रश्न. ही सेवा नोकरीसाठी आहे, त्यामुळे काम करण्याचा कायदेशीर हक्क दाखवावा लागतो: नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा ईएडी, म्हणजे कामाचा परवाना. एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरच्या, जोडीदाराला ठरावीक परिस्थितीत ईएडी मिळतं; मुलांना मात्र नुसत्या एच-४ च्या आधारावर मिळत नाही, आणि अशा घरांची इथे मोठी कोंडी होते. तरीही शाळेकडून मिळणाऱ्या सेवा व्हिसावर अवलंबून नसतात. मुलाचा आयईपी, म्हणजे विशेष शिक्षणासाठी शाळेने केलेला वैयक्तिक आराखडा, असेल तर शाळा संपल्यानंतरच्या आयुष्याची तयारी उशिरात उशिरा १६ व्या वर्षी त्यात यावीच लागते. ती शाळेकडून करून घ्या, व्हिसाच्या वाटेकडे डोळे लावून वर्षं घालवू नका.

शाळकरी मुलांसाठी आणखी एक दार आहे. केंद्राकडून येणाऱ्या निधीतला किमान १५ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी राखून ठेवावा लागतो. कामांची ओळख, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, पुढच्या शिक्षणाचं मार्गदर्शन, कामाच्या ठिकाणचे रीतिरिवाज आणि स्वतःची बाजू स्वतः मांडायला शिकणं, हे त्यातले पाच भाग. यासाठी पूर्ण अर्ज भरून पात्र ठरण्याचीही गरज नसते. आयईपी किंवा ५०४ प्लॅन (अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला शाळेत द्यायच्या सोयींचा आराखडा) असलेल्या विद्यार्थ्याने शाळेतल्या काउन्सेलरकडे विचारणा करावी.

अर्ज आणि ६० दिवस

अर्ज ऑनलाइन, ऑफिसात जाऊन किंवा रोजगार केंद्रातून करता येतो. अर्ज ‘दाखल झाला’ असं कधी मानायचं, हे नियमात लिहिलेलं आहे: तुम्ही सही केलेला फॉर्म दिला किंवा अन्य मार्गाने सेवा मागितली, तपासणी सुरू करण्यापुरती माहिती दिली, आणि तपासणीसाठी तुम्ही उपलब्ध आहात. तिथून ६० दिवसांत पात्रतेचा निर्णय द्यावा लागतो. अपवादात्मक कारण असेल तरच, आणि तेही तुमच्या संमतीने, मुदत वाढते. काही ठिकाणी आधी ‘ओरिएंटेशन’ला बोलावतात आणि फॉर्म त्यानंतर देतात, त्यात आठवडे जातात. म्हणून सेवा हवी असल्याचं पहिल्याच दिवशी ईमेलने लेखी कळवा आणि ती ईमेल जपून ठेवा.

सोबत काय न्यायचं? ओळखपत्र, कामाचा हक्क दाखवणारा कागद, सोशल सिक्युरिटी क्रमांक, डॉक्टरांचे अहवाल, शाळेचा आयईपी किंवा ५०४ प्लॅन, लाभाचं पत्र, बायोडेटा आणि नोकरी चालू असेल तर अलीकडच्या पे स्लिप. भारतातून आलेल्यांनी यूडीआयडी कार्ड (भारत सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) आणि जुने अहवालही न्यावेत. त्यावरून पात्रता आपोआप ठरत नाही, पण अपंगत्व जुनं आहे आणि उपचार काय झाले हे कळतं. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. जवळ अहवाल नाहीत म्हणून थांबू नका: खात्याने आधी असलेली माहिती वापरायची असते, आणि ती अपुरी पडली तर लागणाऱ्या तपासण्या स्वतःच्या खर्चाने करून घ्यायच्या असतात.

मग बाकीचे प्रश्न कशासाठी

प्रत्येक राज्याला ‘आरएसए-९११’ नावाचा अहवाल द्यावा लागतो. पूर्वी तो वर्षातून एकदा जायचा आणि त्यात फक्त बंद झालेल्या केसेस असायच्या. म्हणजे एखादा माणूस तीन वर्षं प्रशिक्षण घेत असेल तर ती तीन वर्षं त्या अहवालात तो दिसायचाच नाही. २०१४ चा डब्ल्यूआयओए हा रोजगार आणि प्रशिक्षणाच्या योजनांविषयीचा केंद्राचा कायदा आला आणि चित्र बदललं. १ जुलै २०१७ पासून चालू आणि बंद दोन्ही केसेसची माहिती दर तिमाहीला, तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत पाठवावी लागते. अहवालातल्या रकान्यांमध्ये पुढेही बदल झाले. एक मोठी सुधारणा १ जुलै २०२० पासून लागू झाली. वंशाविषयीचे केंद्राचे निकषही २०२४ मध्ये बदलले आणि ‘एशियन’च्या आत ‘एशियन इंडियन’सारखे उपगट नोंदवण्याचं धोरण आलं. असा बदल झाला की राज्यांचे फॉर्म आणि कॉम्प्युटर प्रणाली बदलते, आणि जुन्या ग्राहकांनाही काही प्रश्न पुन्हा विचारले जातात. काउन्सेलरने दिलेली माहिती परत मागितली तर यातलं काही कारण असू शकतं.

बेघर, माजी कैदी, एकल पालक, इंग्रजी शिकणारे, दीर्घकाळ बेकार हे प्रश्न डब्ल्यूआयओएने ठरवलेल्या ‘रोजगारातील अडथळ्यां’च्या यादीतले आहेत. त्यांच्या उत्तरावर पात्रता ठरत नाही. त्यातच ‘सांस्कृतिक अडथळा’ हा रकाना असतो आणि तिथे तुमचं स्वतःचं मत धरलं जातं: आपल्या सवयी, समजुती किंवा वागण्याची रीत कामात आड येते असं तुम्हाला वाटतं का? मुलाखतीत स्वतःविषयी चांगलं बोलणं आपल्याला आगाऊपणा वाटतो. तुमच्याबाबत हे खरं असेल तर ते इथे सांगा. त्यात कमीपणा नाही, उलट काउन्सेलरला मुलाखतीची तयारी कुठून सुरू करायची ते कळतं.

अर्जाच्या दिवशीची मिळकत मात्र काटेकोर लिहा. समजा कुणी किराणा दुकानात आठवड्याला १८ तास काम करतो. तासाचा दर आणि तास दोन्ही जसेच्या तसे द्या. घरच्या दुकानात बिनपगारी मदत असेल तर तसंही सांगा. पुढे नोकरी लागल्यावर याच आकड्यांशी तुलना होते. फुगवून लिहिलेला आकडा तुमची प्रगती कमी दाखवतो. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा एक उपयोगही याच कामी होतो: राज्याच्या बेकारी विम्याच्या वेतननोंदींशी तो जुळवला जातो.

पात्र ठरल्यावर

पात्रतेनंतर ९० दिवसांत नोकरीचा वैयक्तिक आराखडा तयार व्हायला हवा. त्याला ‘आयपीई’ म्हणतात. उद्दिष्ट काय, सेवा कोणत्या, त्या कोण देणार, हे त्यात असतं. उद्दिष्ट काउन्सेलरने लादायचं नसतं, ते तुम्ही माहिती घेऊन निवडायचं असतं. आराखडा तुम्ही स्वतः किंवा कुणाच्या मदतीने लिहू शकता. सही तुमची आणि काउन्सेलरची, दोघांची लागते. प्रत आपल्या भाषेत समजावून हवी असेल तर दुभाषी मागा. मोठ्या माणसांनी मुलांना दुभाषी करून चर्चा उरकू नये. निधी कमी असलेल्या राज्यांत प्रतीक्षा यादी असते. तिथे सर्वांत तीव्र अपंगत्व असलेल्यांना आधी घेतात, म्हणून आपण कोणत्या गटात धरलो गेलो हे लेखी मागून घ्या.

प्रशिक्षण सुरू असताना काउन्सेलर गुणपत्रिका मागतो, जूनच्या अखेरीस तर तगादाच लावतो, कारण अहवालाचं वर्ष ३० जूनला संपतं आणि त्या वर्षात तुम्ही कौशल्यात पुढे गेलात हे कागदाने दाखवावं लागतं. पूर्णवेळ कॉलेजसाठी एका सत्राचे १२ क्रेडिट दाखवणारी गुणपत्रिका चालते. ती वेळेवर दिली नाही तर शिकत असूनही तुमची नोंद कोरी राहते. प्रमाणपत्र मिळालं की त्याचीही प्रत पाठवा.

नोकरी लागून किमान ९० दिवस ती टिकली की केस बंद होऊ शकते. त्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत तुम्ही नोकरीत आहात का, हे मोजलं जातं. वर्षभराने खात्यातून पे स्लिपसाठी मेल आली तर ती फसवणूक समजून लगेच काढून टाकू नका. आपल्या काउन्सेलरच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करा आणि मग उत्तर द्या.

तुमची फाइल बघण्याचा हक्क तुम्हाला आहे. एखादी नोंद चुकीची वाटली तर दुरुस्ती मागता येते, आणि खात्याने ती केली नाही तरी तुमची मागणी फाइलमध्ये राहिली पाहिजे. निर्णय मान्य नसेल तर मध्यस्थी किंवा निष्पक्ष अधिकाऱ्यासमोर सुनावणी मागता येते. आणि प्रत्येक राज्यात ‘क्लायंट असिस्टन्स प्रोग्रॅम’ आहे: व्हीआरच्या अर्जदारांची बाजू विनामूल्य समजावून देणारा आणि मांडणारा. नकाराच्या पत्रात त्याचा पत्ता असायलाच हवा. अपील करायचं ठरलं नसलं तरी आधी त्यांना फोन करा.