कौलं, स्लॅब आणि बाऊन्स : पार्श्वभूमी

घरातल्या पोर्ट्रेटसाठी फ्लॅश छताकडे वळवून तिथून परतलेल्या उजेडात फोटो काढायची, म्हणजे बाऊन्सची, सवय कोकणात उशिरा लागली. १८८७ ची मॅग्नेशियमची भुकटी, १९३० च्या आसपासचे एकदाच पेटणारे बल्ब, मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश, हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे आडवं आलं ते छप्पर.

मंगळुरात १८६५ पासून कारखान्यात बनू लागलेली कौलं पुढे सगळ्या किनाऱ्यावर चढली. आढं पंधरा-सोळा फुटांवर, वासे चुलीच्या धुराने काळे. फ्लॅश वर मारला की बराचसा उजेड तिथेच जिरायचा आणि उरलेला तांबूस होऊन खाली यायचा. भिंतीवर मारावा तर पोपटी डिस्टेंपर. नवरी मुलगी कावीळ झाल्यासारखी दिसायची.

त्यात रोलचा हिशोब. १०० एएसएचा (म्हणजे उजेडाला तेवढा संवेदनशील) रोल, ३६ गाइड नंबरचा (म्हणजे तेवढ्या ताकदीचा) फ्लॅश. उजेड तीन मीटर वर गेला, तीन मीटर खाली आला, म्हणजे अंतर सहा. छत्तीसला सहाने भागलं की लेन्सचं छिद्र एफ ६; आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. पांढऱ्या छतालाही दोनेक स्टॉप द्यावे लागतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे एफ ३. धुरकट कौलांना वर आणखी एक-दोन. गणपतीत माटवीखाली (मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) बसलेलं पंधरा माणसांचं कुटुंब एफ २ ला टिपायचं, तर इतक्या मोठ्या छिद्राने आजी शार्प आणि मागच्या रांगेतले चाकरमानी धूसर. त्यामुळे फ्लॅश सरळ तोंडावर. कपाळं तेलकट, मागे भिंतीवर काळ्या सावल्या. जुन्या अल्बमांतले निम्मे फोटो असेच आहेत आणि त्यात फोटोग्राफरचा दोष फारसा नाही.

सत्तरच्या दशकात ऑटो फ्लॅश आले. त्यांचं डोकं वर वळलं तरी उजेड मोजणारा डोळा माणसाकडेच बघत राहायचा, म्हणून दर वेळी हिशोब मांडायची गरज संपली. पण डोळा मोजतो, उजेड वाढवत नाही. मग काही जण वाशांना सुतळीने पांढरी चादर बांधायचे. मी स्वतः शिडीवर चढून बांधलेली आहे. खालून एक आजी ओरडली होती, "आमचो फोटो काढतंस काय वाशांचो?"

आता ‘बाऊन्स’ या शब्दाचा घोळ. लग्नाच्या कामात कुणी "बाऊन्स लाव" म्हणालं की त्याचे चार अर्थ निघतात. फ्लॅशचं डोकं वर कर. त्यातली छोटी पांढरी पट्टी ओढ. दुधी प्लास्टिकची टोपी घाल. नाहीतर थर्माकोलचा शीट धर. यातला पहिला आणि चौथा खरा बाऊन्स. पट्टी थोडा उजेड पुढे ढकलते आणि डोळ्यांत चमक आणते, एवढंच. टोपीचा बाऊन्सशी थेट संबंध नाही, ती उजेड चहूकडे उधळते. उजेड मऊ होतो तो उगम मोठा झाल्यामुळे. फ्लॅशचं तोंड दोन-तीन इंचांचं, छतावर पडलेला त्याचा डाग पाच-सहा फुटांचा. टोपीने तोंड जेमतेम बोटभर वाढतं. तरी दुकानात ती ‘बाऊन्स’ म्हणूनच विकली गेली, आणि पोरं ती चढवून उघड्या अंगणात, समुद्राकडे तोंड करून फोटो काढत राहिली. तिथे उजेड परतायचा कुठून? सेल मात्र भराभर उतरायचे. टोपीवाले म्हणतात, छोट्या पांढऱ्या खोलीत टोपी छान चालते. चालते ना, पण ते काम भिंती करतात.

खरा फरक दोन गोष्टींनी पडला आणि दोन्ही फ्लॅशच्या बाहेरच्या. मुंबईच्या आणि आखातातल्या पैशाने जुन्या घरांना स्लॅबच्या खोल्या जोडल्या गेल्या. छत दहा फुटांवर आलं, पांढरं आणि सपाट. मग डिजिटल आलं. आयएसओ (जुनं एएसए) ८०० ला १०० च्या तीन स्टॉप पुढे. कौलांनी खाल्लेलं सगळं भरून निघालं. मागच्या बाजूच्या भिंतीवर, खांद्यावरून फ्लॅश मारून चेहऱ्याला एका अंगाने उजेड द्यायची पद्धत त्यानंतरच रुळली. नुसतं डोक्यावरून मारलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, हे तोवर कळायला संधीच नव्हती.

२०१८ ला राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली. मखरांवरून भरपूर ओरड झाली. फोटोवाल्यांचा शीट गेला त्याची कुणी दखल घेतली नाही. त्याजागी घडीचे रिफ्लेक्टर आले. हल्ली नव्या बंगल्यांत स्लॅबखाली लाकडी रंगाचं पीव्हीसी सीलिंग लावतात. तपकिरी आणि चकचकीत. परवा अशाच एका घरात बारशाला गेलो, तर यजमानांकडे आधी पांढरी चादर मागावी लागली.