ओरखड्यावर आधी पाणी ओता

इतवारीत गाडी लावली की कुठेतरी घासणारच, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. मागच्या महिन्यात माझ्या करड्या मेटॅलिक गाडीच्या मागच्या दारावर एका हातगाडीनं वीतभर ओरखडे काढले. घरी येऊन उन्हात पाहिलं तर पांढऱ्या रेघांचं जाळंच. धूळ काढायला तांब्याभर पाणी ओतलं आणि जाळं दिसेनासं झालं. करंगळीएवढी एकच रेघ तेवढी उरली. दार वाळलं तशा सगळ्या रेघा परत उमटल्या.

पेंटरकडे जाण्याआधी प्रत्येकानं ही पाण्याची परीक्षा करावी असं मला मनापासून वाटतं, कारण खर्चाचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

गाडीचा रंग म्हणजे एकावर एक चढवलेले थर असतात. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग साधारण १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मेटॅलिक रंग आणि सर्वांत वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर. पेंटर त्याला क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. सगळे थर मिळून जाडी भरते शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दीड-दोन केसांएवढी.

ओरखडा क्लिअरमध्येच असेल तर रंगाला धक्काही लागलेला नसतो. पांढरं दिसतं ते खडबडीत कडांवरून विखुरलेला प्रकाश. क्लिअरचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, सुमारे १.५, हवेचा १. या फरकामुळे कडेवर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. खाचेत पाणी भरलं की परत फिरणारा प्रकाश अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो आणि रेघ डोळ्यांना दिसत नाही.

अशा रेघांना रंग लावायचाच नसतो, कडा गुळगुळीत करायच्या असतात. रबिंग कंपाउंड म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, तिच्यातले बारीक कण खाचेच्या आजूबाजूचं क्लिअर झिजवून पातळी एक करतात. टूथपेस्टही हेच करते, पण तिचे कण या कामासाठी बनवलेले नसतात, म्हणून मी ती वापरत नाही. रबिंगची घाईही नको. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी रसायनं याच थरात असतात आणि एकदा घासलेलं क्लिअर परत येत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या आपल्या गावात तो थर जपायलाच हवा. काम करायचं तेही सावलीत, पत्रा गार झाल्यावर. तापलेल्या दारावर कंपाउंड लगेच वाळतं आणि नवे ओरखडे काढतं.

आता पाण्यानं न लपलेली रेघ. तिच्यावरून नख आडवं फिरवलं तर अडकलं. आत क्लिअरखालचा करडा रंग उडालेला दिसत होता. मेटॅलिक रंगाची खरी अडचण इथून सुरू होते.

या रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात, मायक्रॉनहूनही पातळ. फवारलेल्या थरातलं थिनर उडून जाताना थर आक्रसतो आणि कण कौलांसारखे आडवे बसतात. म्हणून समोरून गाडी चकाकते आणि बाजूला सरकलं की तोच रंग गडद दिसतो. टचअपच्या ब्रशनं ठेवलेला थेंब जाड असतो. त्यात कण वाटेल तसे, उभे-तिरपे अडकतात. रंगाचा कोड तंतोतंत जुळला तरी डाग बहुधा काळसर दिसतो. पेंटरचा यात दोष नाही. फवारा ओला पडला की कोरडा, एवढ्यानंसुद्धा छटा बदलते. म्हणून चांगला पेंटर ओरखड्यापुरतं काम करत नाही. शेड आजूबाजूला हळूहळू विरळ करत नेतो आणि क्लिअर मात्र अख्ख्या दारावर मारतो. रेघ करंगळीएवढी आणि बिल पूर्ण दाराचं, त्याचं कारण हे. विम्यातून करायचं म्हटलं तर क्लेम न केल्याची सवलत जाते, तो हिशेब आधी मांडून पाहावा.

पत्रा उघडा पडला असेल तर मात्र सुंदर दिसण्याचा विचार बाजूला ठेवावा. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे तो शेजारचा चांगला रंगही खालून उचलतो आणि फोड वाढत जातो. प्लॅस्टिकच्या बंपरला ही भीती नाही, तिथे वाट पाहता येते.

माझ्या दारावर प्रायमर शाबूत होता. जाळं मी सकाळी पोर्चमध्ये हातानंच कंपाउंड लावून घालवलं. उरलेल्या रेघेत काडीच्या टोकानं पातळ-पातळ तीन थर दिले, प्रत्येक वाळू देऊन, आणि वर क्लिअरचा थेंब. पाच फुटांवरून काही कळत नाही. संध्याकाळी तिरप्या उन्हात वाकून पाहिलं तर करड्यात एक बारीक काळसर रेघ दिसते. अख्खं दार रंगवण्याऐवजी ती मी राहू दिली आहे.