एडीसच्या जनुकसंचातले भटके तुकडे

पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघरी बॅरेल, हौद, फ्रिजमागचा ट्रे तपासत फिरतात. उद्यमनगरात एखाद्या शेडमागे पडलेल्या टायरमधल्या पाण्यावर बॅटरी मारली, की अळ्या वळवळत तळाला जातात. थोड्याच वेळात वर येऊन, शेपटीकडची श्वासनळी पाण्याच्या वरच्या थराला लावून, डोकं खाली करून लटकतात. एडीस इजिप्तीच्या, म्हणजे डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या डासाच्या अळ्या अशाच.

या डासाचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या पेशीतला सगळा डीएनए, 2007 मध्ये पहिल्यांदा वाचून झाला. जवळपास 138 कोटी अक्षरं, आणि त्यांतली सुमारे 47 टक्के अक्षरं स्वतःची जागा बदलू शकणाऱ्या तुकड्यांची, म्हणजे ट्रान्सपोझॉनची. प्रथिनं बनवणारी जनुकं मात्र 15 हजारांच्या घरात. आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस गॅम्बिए घ्या. त्याचा जनुकसंच याच्या पाचव्या हिश्शाएवढा, तरी त्याचं काही अडत नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांवरून असे तुकडे ओळखले. नोबेल मिळायला 1983 उजाडलं. काही तुकडे स्वतःला कापून दुसरीकडे चिकटतात. काही मूळ जागीच राहून स्वतःची आरएनएमध्ये (डीएनएच्या जवळच्या रेणूत) प्रत काढतात, तिच्यापासून डीएनए बनवतात आणि तो भलतीकडे घुसवतात. झेरॉक्स निघत राहाव्यात तसा पसारा वाढतो तो यांच्यामुळे.

या पसाऱ्याला निव्वळ अडगळ म्हणणं मला पटत नाही. आरएनएपासून डीएनए बनवणारं या तुकड्यांचं विकर (एन्झाइम) कधीकधी पेशीत शिरलेल्या विषाणूच्या आरएनएवरही चालतं, आणि विषाणूचा एखादा तुकडा डासाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, पुढच्या पिढ्यांतही उतरतो. त्यापासून पायआरएनए नावाचे अगदी छोटे आरएनए तयार होतात. भटक्या तुकड्यांना आवर घालणं हे त्यांचं मूळ काम. पण तोच विषाणू पुन्हा आला, तर जुळणारा आरएनए हेरून तो तोडायला ते मदत करतात. म्हणजे उपद्रवी तुकड्यांनीच विषाणूंची वंशपरंपरागत नोंद ठेवली.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एडीसच्या जनुकसंचातून अशीच एक नोंद कापून काढली गेली. त्या डासांच्या अंडाशयात संबंधित विषाणू जास्त वाढला. तो माणसाला होत नाही, फक्त कीटकांत राहतो. पण आहे डेंगीच्या विषाणूच्याच कुळातला.