गरम पाण्याची कुंडं, बॉम्बे हाय आणि ‘शिवा’ विवर: डायनासोर कशाने संपले या वादाची पार्श्वभूमी

मुंबईसमोरच्या समुद्राखाली ५०० किलोमीटरचं विवर आहे आणि डायनासोर तिथेच पडलेल्या लघुग्रहाने संपले, असं अधूनमधून कुणीतरी पाठवतं. कोकणातल्या माणसाला हे वाचून छाती फुगल्यासारखं होतं, ते साहजिकच आहे, पण हा दावा आला कुठून आणि जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी तो का मान्य केला नाही हे नीट बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात १९८० ची. भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ, त्यांचा भूगर्भशास्त्रज्ञ मुलगा वॉल्टर, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी पेपर छापला की इटलीत गुब्बिओ इथे चुनखडीच्या मधोमध डायनासोर संपले त्याच काळातला जेमतेम सेंटिमीटरभर मातीचा थर आहे आणि त्यात इरिडियम हा धातू आजूबाजूच्या खडकापेक्षा साधारण ३० पट जास्त आहे. इरिडियम पृथ्वीच्या कवचात फार थोडं असतं, उल्कांमध्ये भरपूर, म्हणून त्यांनी म्हटलं की ६.६ कोटी वर्षांपूर्वी सुमारे १० किलोमीटरचा लघुग्रह आदळला. लगेच प्रश्न आला, मग खड्डा कुठंय? दहा-अकरा वर्षं उत्तर नव्हतं. १९९१ मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलूब विवर पुढे आलं, रुंदी साधारण १८० किलोमीटर, आणि तिथल्या तेलविहिरींच्या जुन्या नमुन्यांत धक्क्याने चिरा पडलेलं क्वार्ट्झ सापडलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उडालेल्या मालाचा थर मेक्सिकोच्या आखाताभोवती जाड आणि लांब जावं तसा पातळ होत गेलेला, म्हणजे सगळी बोटं एकाच जागेकडे.

आता आपला समुद्र. टेक्सास टेक युनिव्हर्सिटीचे शंकर चॅटर्जी यांनी १९९० च्या दशकात चिक्शुलूबच्या जोडीला दुसरा आघात मांडला, त्याला नाव दिलं ‘शिवा’, आणि २००९ मध्ये ते परत चर्चेत आलं. त्यांच्या मते बॉम्बे हायचा, म्हणजे मुंबईसमोरच्या तेलक्षेत्राखालचा, उंचवटा म्हणजे विवराच्या मधला भाग, आणि पूर्वेची कड म्हणजे पनवेल फ्लेक्शर, जिथे घाटावर आडवे दिसणारे बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या दगडाचे, थर समुद्राकडे कलंडलेत. किनाऱ्याला समांतर गरम झऱ्यांची जी ओळ आहे, वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीचं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजापूर, तीसुद्धा त्याच हिशोबात घेतली गेली.

ऐकायला जबरदस्त आहे. पण कलंडलेले थर, तडे, गरम पाणी, हे सगळं आघात न होताही होतं. त्याच सुमारास, थोडं नंतर, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला, किनारपट्टी ताणली गेली, फाटली, पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं, एवढ्याने कुंडांचा हिशोब लागतो. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो तो निकालाच्या कामाचा नाही. उलट विवर असतं तर जे असायलाच हवं होतं ते नाहीये. चिक्शुलूबच्या अडीचपटीहून मोठा आघात इथे झाला असता तर भारतात उडालेल्या दगडमातीचे दांडगे थर मिळाले असते, पण कच्छमध्ये अंजारला लाव्हाच्या मधल्या गाळात इरिडियम सापडतं ते पातळ थरांत. धक्क्याचं क्वार्ट्झही सर्वमान्य व्हावं असं काही आलेलं नाही. जगातल्या सिद्ध झालेल्या विवरांच्या यादीत ‘शिवा’ नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

याचा अर्थ कोकणाचा या प्रकरणाशी संबंध नाही असं मात्र नाही हं. आपल्या पायाखालचा काळा दगड, दख्खनचा लाव्हा, हाच दुसरा संशयित. भूगर्भशास्त्रज्ञ ड्यूई मॅक्लीन यांनी १९८० च्या आसपासच ज्वालामुखीकडे बोट दाखवलं होतं, आणि १९८६ मध्ये व्हिन्सेंट कूर्तियो यांच्या टीमने खडकांतल्या चुंबकत्वावरून दाखवलं की बहुतेक लाव्हा थोड्याच काळात आला. अंजारच्या थरावरूनही दिसतं की इरिडियम पडलं तेव्हा लाव्हा आधीच चालू होता, म्हणजे आघाताने ज्वालामुखी सुरू झाले हे म्हणणं टिकत नाही, फार तर जोर वाढला असेल. त्या जोराच्या बाजूनेही २०१५ मध्ये पुरावे मांडले गेले.

२०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन टीमनी लाव्हाच्या तारखा दिल्या. ब्लेअर शोन यांच्या टीमने लाव्हाच्या थरांमधल्या तांबड्या मातीतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय मोजलं, कोर्टनी स्प्रेन यांच्या टीमने खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायची पद्धत वापरली. शोन यांच्या मते लाव्हाचा एक मोठा लोट विनाशाच्या काही दहा हजार वर्षं आधी आला, स्प्रेन यांच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा नंतरचा. २०२० मध्ये पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी समुद्रातल्या नोंदींवरून मांडलं की ज्वालामुखीच्या वायूंनी हवामान तापलं होतं खरं, पण विनाशाच्या आधीच ते परत थंडही झालं होतं, आणि याने लघुग्रहाचं पारडं बरंच जड झालं. तारखांचं भांडण मात्र त्याने मिटलं नाही, आणि ते ज्या थरांवरून आहे त्यातल्या एकाचं नाव पोलादपूर आणि त्याच्या वरच्याचं आंबेनळी. पोलादपूरचा लाव्हा विनाशाच्या आधीचा की नंतरचा, इथेच घोडं अडलंय.